कुणाची तरी साडी

कासमनं स्कूटर बंदसुद्धा केली नाही. एक पाय जमिनीला टेकवला आणि दोरीवर वाळत घातलेल्या जांभळ्या साडीकडे बघत म्हणाला, "साहेब, ही द्यायची हाय का?" तानाजी अंगणात खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस होता. कासमला सगळी अंबाजोगाई ओळखते. जुने शालू, जरीची लुगडी, फाटकी का असेनात, तो घेतो, काठ जाळतो आणि त्यातली चांदी काढून विकतो. 'द्यायची हाय का' हे वाक्य दारोदार त्याच्या तोंडून निघतच असतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. पण या वेळी तो खाली उतरला, पदर बोटांत धरून चोळला, नखानं काठाची एक तार उचलून उन्हात बघितली आणि आठ हजार म्हणाला. रोख. तानाजीला हसू आलं. "येडा का काय तू? साठ रुपयाची साडी हाय ती. आमच्या घरच्यांनी जुन्या कपड्याच्या खोलीतनं आणली." कासमही हसला. "साठला? साहेब, असली जरी हाय ही. साठ रुपयाला कोन देतंय? देणाऱ्याचं डोकं फिरलं असंल, न्हाईतर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तेवढ्यात तानाजीची बायको वनमाला बादली घेऊन दारात आली म्हणून पुरं केलं नाही, की पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच, हे तानाजीला नंतर कितीही आठवून ठरवता आलं नाही. वनमाला म्हणाली, "न्हाई द्यायची, कासमभाई. नेसायची हाय." कासम गेला. तानाजीनं उरलेला गाल केला आणि कानाखाली कापून घेतलं.

धंद्याचा वास माणसाच्या स्वभावाला लागतो. तानाजी बरीच वर्षं एस.टी.त कंडक्टर होता, आता चेकर होता. रानात कुठंतरी फाट्यावर उभं राहायचं, हात करून गाडी थांबवायची, आत चढायचं आणि तिकीट मागायच्या आधी चेहरे बघायचे. तिकीट नसलेला माणूस एकतर खिडकीबाहेर फार बघतो, नाहीतर अजिबात बघत नाही. वय पंच्याहत्तर दाखवणारं आधार कार्ड आणि काळ्याभोर मिशा घेऊन फुकट हिंडणारे म्हातारे त्यानं ढिगानं पकडले होते. डेपोत त्याची थट्टा चालायची, की तान्याला सासरी जेवायला बसवलं तरी तो आधी पंगतीतली मुंडकी मोजतो. त्याला ही थट्टा आवडायची. आपल्याला फसवता येत नाही, हा त्याचा एवढाच एक अभिमान होता, बाकी अभिमान धरावा असं त्याच्या आयुष्यात फार काही घडलं नव्हतं. मात्र घराच्या उंबऱ्याच्या आत त्यानं कधी तपासणी केली नव्हती. केली नव्हती म्हणजे सुचलीच नव्हती. आता दिवसभर केजच्या रस्त्यावर गाड्यांत चढता-उतरताना ते 'न्हाईतर' त्याच्याबरोबर चढत-उतरत राहिलं. देणाऱ्याचं डोकं फिरलं असेल, नाहीतर काय? नाहीतर देणाऱ्याला काहीतरी हवं असेल. तिकिटाशिवाय कोण कुणाला नेतं?

जुन्या कपड्यांची ती खोली त्यानं बाहेरून पाहिली होती. सरकारी दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला एका ट्रस्टनं ती चालवायला घेतली होती. लोक घरातले नको असलेले कपडे आणून द्यायचे, तिथल्या बायका ते धुऊन, निवडून, इस्त्री करून नाममात्र पैशांत विकायच्या आणि त्या पैशांतून पेशंटबरोबर आलेल्यांना जेवण मिळायचं. खेड्यापाड्यांतून अंगावरच्या कपड्यानिशी पेशंट घेऊन आलेली माणसं तिथून एखादं धोतर, एखादी साडी न्यायची. वनमाला पहिल्यांदा तिथं कधी गेली ते त्याला माहीत नव्हतं. ती घरात मशीनवर फॉल-पिकोचं काम करायची. दुकानातल्या नव्याकोऱ्या साड्यांना फॉल लावताना नाक मुरडायची, "प्लास्टिक नेसतेत बाया," म्हणायची. आणि त्या खोलीतून वीस-तीस रुपयांना असं काही हुडकून आणायची, की शेजारणी दाराशी गोळा व्हायच्या. मऊ पडलेली हातमागाची सुती लुगडी, ज्यांचे रंग आता कुणी करतच नाही. बटणांच्या जागी चांदीची साखळी असलेला म्हाताऱ्याचा सदरा. तानाजीसाठीही तिनं एकदा कोट आणला होता, जाड लोकरीचा, आत रेशमी अस्तर, गळ्याशी हैदराबादच्या कुण्या टेलरचं कापडी लेबल. बहिणीच्या घरच्या लग्नात तो त्यानं मिरवला होता. कुठं शिवला, असं चारचौघांनी विचारल्यावर "आमच्या मंडळींची निवड," असं तो छाती काढून म्हणाला होता. त्या संध्याकाळी त्यानं तो कोट कपाटातून काढून नाकाला लावला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली तंबाखूचा वास होता. तानाजी तंबाखू खात नव्हता. कोट जुना आहे, कुणीतरी आधी घातलेला आहे, तर त्याला कुणाचा तरी वास असणारच, हे त्याला कळत होतं. पण 'कुणाचा तरी' म्हणजे कुणाचा, हे इतके दिवस आपण विचारलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटलं. दुसऱ्या माणसाच्या खांद्यांच्या मापात आपण लग्नभर हिंडलो.

मनात एकदा पाल चुकचुकली की तिला भिंत कमी पडत नाही. तानाजीची पाल फिरत फिरत आप्पांच्या बंगल्यावर जाऊन बसली. आप्पा म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ, पाण्याखालची जमीन, निवडणुकीत ज्याच्या ओसरीवर तिकिटं ठरतात तसला माणूस. त्याची बायको गेल्या वर्षी वारली, तेराव्याला अर्धं गाव जेवलं. बाईला साड्यांचा शौक होता आणि तिच्या साड्यांना फॉल लावायला वनमालाच जायची. ते ठीक होतं. पण बाई वारल्यावरही वनमाला बंगल्यावर गेली होती. "दोन बिलाऊज ऱ्हायलेते, ते देऊन आले," असं तेव्हा तिनं सांगितलं होतं, आणि तेव्हा ते वाक्य साधं होतं. आता तानाजीनं ते उलटून बघितलं. मेलेल्या बाईचे ब्लाऊज परत करायची एवढी काय घाई? कोण घालणार होतं ते? आणि मग त्याला आठवलं, की ती जांभळी साडी त्यानं पाहिलेली आहे. कसल्याशा उद्घाटनाला आप्पांच्या शेजारी स्टेजवर त्यांची बायको बसली होती, तिच्या अंगावर. तिच्याच अंगावर होती का? जांभळाच रंग होता का? तो जितकं आठवायला जाई तितका रंग पक्का होत जाई. आपल्याला ते आठवतंय की आठवावंसं वाटतंय, असा एक प्रश्न मध्येच डोकं वर काढायचा, पण चेकरनं असे प्रश्न स्वतःला विचारायचे नसतात. गाडी पुढे निघून जाते.

सोमवारचं कुठून सुरू झालं? हां, पाटीवरून. दवाखान्यात भरती असलेल्या एका ड्रायव्हरला बघायला म्हणून तो गेला आणि येताना मुद्दाम मागच्या रस्त्यानं आला. खोलीच्या शटरवर पाटी होती, सोमवारी बंद. जांभळी साडी घरात आली तो सोमवार होता. हे त्याला नक्की आठवत होतं, कारण वनमाला सोमवार धरते, आणि त्या दिवशी ती दिवसभराची उपाशी असूनही चेहऱ्यावर उजेड घेऊन आली होती. साबुदाणा परतता परतता तिनं साडी एका हातानं उलगडून दाखवली होती. "बगा, साठ रुपये! सांगून खरं वाटंल का कुनाला?" कुणाला खरं वाटेल, हेच तर! पुढच्या सोमवारी त्यानं ड्यूटी बदलून घेतली आणि खोलीसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिला. शटर बंद होतं. कुत्रं सावलीत पडलं होतं. एक चहा संपला, दुसरा संपला. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. दुपारी घरी आला तर वनमाला आत्ताच बाहेरून आल्यासारखी पाय धूत होती. "कुठं गेलतीस?" "खोलीवर." "लई गर्दी असंल." "आज कुठली गर्दी," ती हसत म्हणाली आणि टॉवेल घ्यायला आत गेली. तानाजी जागच्या जागी उभा राहिला. किती सहज! खोटं बोलणारा अडखळतो, हे त्यानं आयुष्यभर पाहिलेलं. ही अडखळली नव्हती. म्हणजे एकतर ही खरं बोलत होती, नाहीतर फार दिवसांपासून खोटं बोलत होती. बंद शटर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा दुसरंच खरं असणार. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच घराच्या पायात मुरत होतं.

खरं सांगायचं तर हे पाणी साडीच्या आधीपासूनचं होतं. त्यांना मूल नव्हतं. लग्नानंतर चार वर्षांनी ते लातूरला डॉक्टरकडे गेले, मग आणखी एका डॉक्टरकडे, आणि दोन्हीकडे दोघांनाही सांगितलं गेलं, की दोघांतही काही दोष नाही. लोकांना हे ऐकून बरं वाटलं असतं. तानाजीला वाटलं नाही. दोघांतही दोष नाही म्हणजे दोष कुणाचा हे कळायची सोयच नाही. कुणाच्या तरी नावावर तो पडला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला माफ करता आलं असतं. त्याऐवजी घरात एक जागा रिकामी राहिली आणि तिच्याविषयी बोलायचं नाही असं दोघांनी न ठरवता ठरवलं. वनमाला दुसऱ्यांचे कपडे आणून त्या जागेत भरत असावी, असं त्याला कधी कधी वाटायचं, आणि तेव्हा तिची कणव यायची. आता कणवेच्या जागी हिशेब आला. ही माझ्याजवळ का राहिली? कशाच्या आशेवर? एवढ्या निगुतीनं हुडकणाऱ्या बाईनं मला कुठल्या ढिगातून उचललं, आणि आता तिला ढिगात दुसरं काही दिसलं असेल तर? ती पाठमोरी असताना तो तिच्याकडे बघायचा. मशीनवर वाकलेली तिची मान, तोंडात धरलेल्या टाचण्या. ती काही गुणगुणत असली की त्याला राग यायचा आणि गप्प असली की जास्त राग यायचा. विचारून टाकावं, हा सरळ रस्ता होता. पण विचारल्यावर ती नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर आपला विश्वास बसणार नाही. मग विचारून उपयोग काय?

एस.टी.त एक जुनी रीत आहे. एखाद्या कंडक्टरवर वहीम असला की साध्या कपड्यातला माणूस गाडीत बसवतात. तो सुटे पैसे देतो, तिकीट मागत नाही आणि नुसता बघतो. तानाजीला ही युक्ती सुचली आणि सुचल्यावर इतकं बरं वाटलं, की कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवला. त्या खोलीत अशी एक साडी जाऊन बसली पाहिजे, जी वनमालाच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही. ती खरोखर तिथं जात असेल तर साडी उचलून घरी आणीलच. आणली नाही तर ती तिथं जात नाही. साडी मात्र तिनं आधी कधी न पाहिलेली हवी, म्हणजे घरातली चालणार नाही. आणि नव्या साडीला तर ती हातसुद्धा लावणार नाही. विचार करता करता त्याला आईचं हिरवं इरकल आठवलं. आई, छबुबाई, दोन वर्षांपूर्वी नांदूरघाटला वारली. तिची लुगडी बहिणींनी वाटून घेतली, पण ट्रंकेच्या तळाशी हे एक राहून गेलं होतं, कारण ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. वडील वारले त्या दिवशी आईनं ते तळाला घातलं आणि पुन्हा हिरवा रंग अंगाला लावला नाही. तानाजीचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे वनमालानं ते पाहिलेलं असणं शक्यच नाही. ही गोष्ट शंभर टक्के पक्की होती.

तो नांदूरघाटला गेला. थोरला भाऊ राधाकिशन रानात गेलेला होता. वहिनीनं चहा टाकला. आईची आठवण म्हणून एक लुगडं नेतो, म्हटल्यावर ती म्हणाली, "न्या की भावजी. तुमचीच आई. तेवढाच पसारा कमी." ट्रंक उघडली तसा वेखंडाचा वास आला आणि त्या वासात आई आली. इरकल तसंच होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं, पदरावर पांढऱ्या दातऱ्यांची नक्षी. घडीवर हात ठेवल्यावर त्याला लहानपणी जत्रेतल्या गर्दीत धरलेला तिचा पदर आठवला. नारायणगडाची जत्रा, धूळ, आणि मुठीत घट्ट हा काठ. सुटला तर हरवशील, आई म्हणायची. क्षणभर त्याला वाटलं, हे आपण काय करतोय? पण त्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. वनमाला खरी असेल तर लुगडं आपल्या पायानं घरी येईल, आईचं लुगडं आईच्या सुनेला मिळेल, यात वाईट काय? आणि नाही आलं तर आपण जाऊन सोडवून आणू. दोन्हीकडून आई सुरक्षित होती. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि अंबाजोगाईपर्यंत मांडीवर घेऊन बसला.

खोलीत मुनिरा सिस्टर होत्या. दवाखान्यातून रिटायर झालेल्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, आवाजात अजून वॉर्डातली जरब. तानाजीनं खाकी शर्ट बदलला नव्हता, नुसता बिल्ला काढून खिशात टाकला होता. सिस्टरनी कागद सोडला, लुगडं उलगडलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "इतकं चांगलं? घरात कुनी वारलं का, बाबा?" "आई." "मग लेकीसुनंला द्यायचं ना. हे काय द्यायचं लुगडं हाय?" तानाजीनं या प्रश्नाची तयारी केली नव्हती. "घरात नेसणारी कुनी न्हाई," तो म्हणाला. सिस्टरनी लुगड्याची पुन्हा घडी घातली, हळू, पेशंटचं पांघरूण सारखं करावं तशी. रस्त्यावर आल्यावर तानाजीनं मागं वळून बघितलं, मग कोपऱ्यावरून पुन्हा एकदा.

त्यानंतरचे दिवस त्यानं नुसत्या अंदाजावर काढले. घरी आला की आधी दोरीकडे नजर. दोरीवर रोजचीच धुणी. कपाटाचं दार उघडं असलं की आत बघायचं. सोमवार आला. तो ड्यूटीवरून आला तोवर वनमाला बाहेर जाऊन आली होती, हाताशी काही दिसत नव्हतं. "काय मिळालं का आज?" त्यानं शक्य तितक्या सैल आवाजात विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. पूर्वी नाही म्हणताना ती कुरकुर तरी करायची, की कसली रद्दी आणून देतात लोक. या वेळी नुसतं 'न्हाई' आणि त्याच्याकडे एक नजर. ती नजर त्यानं ओळखली. गाडीत चढल्यावर अपराधी प्रवासी चेकरकडे टाकतो ती. मग ती बोलेनाशी झाली. वाढताना भाकरी ताटात ठेवायची, हातात द्यायची नाही. एकदा तो अंघोळीहून आला तर ती त्याचा खाकी शर्ट हातात धरून खिशापाशी बिल्ल्याच्या टाचणीनं पडलेली दोन भोकं बघत उभी होती. "काय बगतीस?" "शिवायची का म्हणून बगत होते." भोकं शिवायची नसतात, तिथंच तर बिल्ला लागतो, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं? तानाजीला वाटलं, ही माझे खिसे तपासते. म्हणजे हिला भीती आहे. पुढच्या सोमवारीही ती रिकामी आली. मंगळवारी तो ड्यूटीवरून सरळ खोलीवर गेला. ते हिरवं लुगडं आहे का, त्यानं विचारलं. सिस्टरनी मान हलवली. "ते कव्हाच गेलं. आलं त्याच्या पुढल्या सोमवारी." "सोमवारी? सोमवारी तर बंद असतं." "बंदच असतं," सिस्टर म्हणाल्या आणि एका पेशंटच्या म्हातारीला धोतर काढून द्यायला वळल्या.

झालं होतं. लुगडं गेलं होतं आणि घरी आलं नव्हतं. घरापर्यंतचा रस्ता त्याला पुढे कधी आठवला नाही. चार-साडेचारचं ऊन दारातून आत आलं होतं, वनमाला मशीनवर बसली होती, चाक फिरत होतं. त्यानं चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "तू त्या खोलीवर जातच न्हाईस," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तसा आला नाही, चिरका आला. "बंद असती ती सोमवारी. मी बगितलंय. कुठं जातीस? जांभळी साडी कुनी दिली? आप्पानं?" आप्पाचं नाव तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते घाण वाटलं, पण गेलेलं नाव परत येत नाही. वनमालानं टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. ती रडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती उठली, पलंगाखालची बॅग ओढली आणि तिच्या तळातून, स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या खालून, हिरवं इरकल काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"सोमवारी शटर बंद असतं," ती म्हणाली. "मागच्या दारानं आमी चार बाया निवडायला बसतो. आठवडाभराचं आलेलं. पैसं न्हाई घेत आमी, म्हणून सिस्टर म्हणतेत, पैला हात तुमचा. जांभळी आप्पाच्याच घरची हाय. बाई वारल्यावर सुनांनी दोन ट्रंका भरून धाडल्या, मेलेल्या बाईचं नको म्हणून. इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी इचारलं कव्हा?" तानाजी लुगड्याकडे बघत होता. एवढंसं होतं सगळं. मागचं एक दार. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरत होतं आणि त्याच वेळी दुसरं चढत होतं, कारण लुगडं घरातच होतं. आणलं होतं आणि लपवलं होतं. "मग हे लपिवलं कावून?" त्यानं विचारलं. "तुला काय ठाव हे कुनाचं हाय ते?"

"मला ठाव न्हाई?" वनमाला पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. मग खाली बसली आणि लुगड्याच्या काठावर हात ठेवून, त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. लग्न होऊन ती नांदूरघाटला आली तेव्हा जावेनं तिची ओटी भरली, गावातल्या सवाष्णींनी भरली. छबुबाई चुलीपाशी धूर खात बसल्या होत्या. विधवेनं पुढं यायचं नसतं. चार दिवसांनी घरातली सगळी रानात गेल्यावर आईंनी दाराला कडी घातली, ट्रंकेतून हे लुगडं काढून तिच्या अंगावर पांघरलं आणि तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. कुंकवाला हात लावायची सवय मोडलेली, लावताना ते नाकावर सांडलं. "मी रांडमुंड हाय, पर तान्याची आई बी हाय ना," म्हणाल्या. "माझ्यामागं हे तुझं." मग मूल झालं नाही. एका वर्षी आईंनी तिचे पाय धरले. माझ्या हातानं झालं गं, म्हणाल्या, मी हात लावाया नको होता. कुणाला सांगू नकोस. "म्हणून लुगडी वाटली तवा मी तोंड उघडलं न्हाई. मागितलं असतं तर तुझा काय संबंध म्हणून इचारलं असतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी आईच्या नावानं बोटं मोडली असती. मेलेल्या माणसाच्या. लुगडं त्या ट्रंकेत हाय एवढं मला पुरत हुतं." तिनं नाक पुसलं. "आन् त्या सोमवारी गठ्ठा सोडला तर वरच हे. मला वाटलं चक्कर येती का काय. सिस्टरला म्हणलं, कुनी आणलं? म्हणल्या, एस.टी.तला असंल, खिशाला बिल्ल्याची भोकं हुती. जाताना सारखा मागं वळून बगत हुता. आन् म्हणला, घरात नेसणारी कुनी न्हाई."

ऊन मशीनच्या चाकापर्यंत आलं होतं. "मी वाट बगितली," वनमाला म्हणाली. "तुमी सांगताल म्हणून. येवढंच ठरिवलं हुतं, की मी इचारणार न्हाई. मी कुनी न्हाई का या घरात? पोर न्हाई झालं म्हणून मी नेसणारी पण न्हाई? आईचं लुगडं तुमी परक्याच्या ढिगात कावून टाकलं?" आता तिनं वर बघितलं. तानाजीनं आयुष्यात हजारो लोकांना असं वर बघताना पाहिलं होतं, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला तो समोर उभा राहून म्हणाला होता, तिकीट दाखवा. आता तो बसलेला होता. त्याला सांगायचं होतं. वने, मी तुला तपासायला टाकलं, एवढं साधं वाक्य होतं. ते गळ्यापर्यंत आलंसुद्धा. पण ते बोललं की ही उठून जाईल, आज नाही तर उद्या, आणि गेली नाही तर जन्मभर या घरात तपासलेली बाई म्हणून राहील, हे त्याला लख्ख दिसलं आणि तो घाबरला. वाईट नवरा होण्यापेक्षा वाईट लेक होणं सोपं होतं. आई काही विचारायला येणार नव्हती.

"वैनी टाकून देणार हुती," तो म्हणाला. "उंदीर लागतेत म्हणून पसारा काढला हुता तिनं. मी म्हणलं कुनाच्या तरी अंगाला लागू दे. आईचं असं झालेलं तुला सांगायची लाज वाटली. सिस्टरनी इचारलं तवा जे तोंडात आलं ते बोललो." बोलताना तो कुठंही अडखळला नाही. वाक्यं एकामागून एक आली, जणू कधीची तयार होती. वनमाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लुगड्याला कुठं उंदराचा दात लागला नव्हता, एक धागा निघाला नव्हता. ते तिच्या मांडीवरच होतं. "असं हुय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं मग. आईनंच माझ्याकडं धाडलं म्हणायचं." आणि तिनं हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला, कित्येक आठवड्यांनी. "आप्पाचं नाव घेतलं ते मी इसरले. तुमी बी इसरा. पुढल्या सोमवारी संगं चला, सिस्टरला सांगू, नेसणारी हीच हाय म्हणून. बसा, च्या टाकते."

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला, मग पाण्याचा. तानाजीला रडू फुटलं. तो तोंडावर हात दाबून, आवाज होऊ न देता रडला, कारण त्याच्या बायकोनं त्याला माफ केलं होतं, काहीही न तपासता, नुसत्या शब्दावर. असं माणूस आपल्या घरात आहे आणि आपण टपरीवर उभं राहून त्याच्यावर पाळत ठेवत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. उद्यापासून असं करायचं नाही, असं त्यानं ठरवलं. आत साखरेच्या डब्याचं झाकण निघालं. वनमाला त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्याच्या मनात आलं, हिला हे एवढ्या लवकर कसं काय पटलं?